एका रूलने १७ हजार मेल: तिकीट सिस्टीममधली नको असलेली नोटिफिकेशन्स कशी थांबवायची?



आधी एक छोटं काम करा. फोनवरची नोटिफिकेशन पट्टी खाली ओढा आणि न वाचलेली नोटिफिकेशन्स मोजा. त्यातली खरंच तुमच्या कामाची किती? माझ्या फोनवर आत्ता २३ होती, कामाच्या निघाल्या दोन. बाकीची २१ कुठल्या ना कुठल्या मशीनने, कोणीही न सांगता, आपोआप पाठवलेली.

आज आपण अशाच आपोआप जाणाऱ्या नोटिफिकेशन्सबद्दल बोलणार आहोत, पण पाठवणाऱ्याच्या बाजूने. कारण मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि एकदा हा गोंधळ मी स्वतः घातलेला आहे. तुम्ही आयटीत नवीन असाल, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एखादी ट्रॅकिंग सिस्टीम वापरत असाल, किंवा नुसतं "माझ्या तक्रारीला एवढे एसएमएस का येतात?" असा प्रश्न पडला असेल, तरी हा लेख तुमच्या उपयोगाचा आहे.

## तिकीट म्हणजे नेमकं काय?

तुम्ही एखाद्या ॲपवर तक्रार टाकता आणि मेसेज येतो, "आपली तक्रार नोंदवली आहे, क्रमांक अमुक अमुक." तो क्रमांक म्हणजे तिकीट. कंपनीच्या आत त्या तिकिटाचा एक ठरलेला प्रवास असतो: नवीन, काम सुरू, तपासणी, पूर्ण. या प्रवासाला वर्कफ्लो म्हणतात. कोण कुठल्या टप्प्यावरून कुठे नेऊ शकतो, नेल्यावर काय व्हायला हवं, हे सगळं त्यात ठरवलेलं असतं.

अशा सिस्टीम बऱ्याच आहेत. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत सगळ्यात जास्त कानावर पडणारं नाव म्हणजे जिरा. (नाही, फोडणीतलं नाही.) ॲटलासियन या ऑस्ट्रेलियन कंपनीने हे २००२ मध्ये आणलं. नाव आलंय गोजिरावरून, म्हणजे गॉडझिलाचं जपानी नाव. मी रोज जिरा वापरतो, म्हणून उदाहरणं त्यातलीच देतोय. पण तत्त्व सगळीकडे सारखंच आहे.

## माझ्या हातून काय झालं

नोकरीला दीड वर्ष झालं होतं. आमची नऊ जणांची टीम हॉस्पिटलच्या बिलिंगचं एक सॉफ्टवेअर सांभाळायची. सिस्टीममध्ये जुनी, कोणी ढुंकूनही न बघितलेली ६४० तिकिटं पडून होती. मॅनेजर म्हणाले, "हे जरा साफ कर."

एकेक तिकीट हाताने बंद करायला मी काही वेडा नव्हतो. मी ऑटोमेशन रूल लिहिला: ९० दिवसांत ज्या तिकिटात काहीही बदल झाला नाही, त्यावर "जुनं" असं लेबल लाव, "हालचाल नसल्यामुळे बंद करत आहोत" अशी कमेंट टाक आणि तिकीट बंद कर. कोणाच्या कामात अडथळा नको म्हणून वेळ ठेवली शनिवार सकाळी सहाची. शुक्रवारी रात्री मी आरामात झोपलो.

शनिवारी सहाला रूल बरोबर चालला. जे सांगितलं तेच केलं. ६४० तिकिटं, प्रत्येकावर तीन बदल, म्हणजे १,९२० बदल. आणि आमच्या प्रोजेक्टचं सेटिंग असं होतं की कुठलाही बदल झाला की टीममधल्या सगळ्यांना मेल. १,९२० गुणिले नऊ, म्हणजे १७,२८० मेल. क्लायंटकडे गेलेले वेगळेच.

त्या दिवशी ऑन-कॉल असलेल्या सहकाऱ्याचा फोन सहापासून थरथरत होता. पंधरा-वीस मिनिटं त्याने बघितलं, सगळं "जुनं, बंद, जुनं, बंद". मग त्याने मेलचा आवाज बंद केला आणि परत झोपला. मीही तेच केलं असतं.

नऊ वाजून वीस मिनिटांनी एका हॉस्पिटलमधून खरं तिकीट आलं: डिस्चार्जचं बिल निघत नाहीये. त्याचाही मेल आला, त्याच ढिगात. तो आम्ही बघितला दुपारी एक वाजता, तेही क्लायंटने थेट मॅनेजरना फोन केल्यावर. दुरुस्ती पंधरा मिनिटांची होती. पण घरी जायला मोकळे झालेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक जवळजवळ चार तास बिलाच्या काउंटरसमोर बसून होते.

सोमवारी मी त्या सहकाऱ्याची माफी मागायला गेलो. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "मेल आला होता रे. फक्त तो कितवा होता, ते तूच मोज."

## जास्त इशारे म्हणजे जास्त सुरक्षा नाही

आपल्याला वाटतं, एक मेल जास्त गेला तर काय बिघडतं? नाही गेला तर प्रॉब्लेम. हा हिशोब चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे हे जगाला फार आधी कळलंय.

२८ मार्च १९७९ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्रात मोठा अपघात झाला. पहिल्या काही मिनिटांतच कंट्रोल रूममध्ये शंभराहून जास्त अलार्म वाजले. त्यातले बिनमहत्त्वाचे बाजूला काढायची काही सोयच नव्हती. अपघाताची कारणं अनेक होती, पण चौकशी आयोगाने अलार्मच्या या गोंगाटाकडेही बोट दाखवलं. समोर सगळं एकदम ओरडत असेल तर माणसाला महत्त्वाचं काय ते ऐकू येत नाही.

आपलं तिकीट सॉफ्टवेअर म्हणजे अणुभट्टी नाही, मान्य. पण माणसाचा मेंदू तोच आहे. दिवसाला दोनशे निरुपयोगी मेल आले की आपण दोनपैकी एक गोष्ट करतो: आवाज बंद करतो, नाहीतर फिल्टर लावून सगळे मेल एका फोल्डरमध्ये ढकलतो आणि तो फोल्डर कधीच उघडत नाही. दोन्हीत कामाचा मेलही जातो. म्हणून हा प्रश्न वाचणाऱ्याने सोडवायचा नसतो, पाठवणाऱ्याने सोडवायचा असतो.

## नोटिफिकेशन जन्माला कसं येतं?

थांबवायचं असेल तर आधी येतं कुठून ते बघू. चार पायऱ्या आहेत.

१. घटना. तिकिटात काहीतरी घडतं. तिकीट तयार झालं, फील्ड बदललं, कमेंट आली, कोणाकडे सोपवलं, बंद झालं. जिरामध्ये याला इव्हेंट म्हणतात.

२. नियम. सिस्टीम एक तक्ता बघते: ही घटना झाली तर कोणाला सांगायचं? जिरामध्ये या तक्त्याचं नाव नोटिफिकेशन स्कीम.

३. माणसं. तक्त्यात शक्यतो नावं नसतात, भूमिका असतात. ज्याने तिकीट टाकलं तो रिपोर्टर. ज्याच्याकडे काम आहे तो असाइनी. जे तिकिटावर लक्ष ठेवून आहेत ते वॉचर. शिवाय अख्खा ग्रुप किंवा टीमही टाकता येते.

४. माध्यम. मेल, फोनवरचं ॲप, ऑफिसच्या चॅटमधला मेसेज. एकच घटना तिन्ही ठिकाणी वाजू शकते.

आता गुणाकार बघा. एका तिकिटावर पाच छोटे बदल, आठ माणसं ऐकतायत, म्हणजे चाळीस मेल. नवीन माहिती किती? बहुतेक वेळा एक ओळ. नोटिफिकेशन कमी करणं म्हणजे या गुणाकारातला एखादा आकडा लहान करणं. बाकी काही जादू नाही.

## उपाय १: मशीनने केलेला किरकोळ बदल गुपचूप करा

माणसाने केलेला बदल आणि मशीनने केलेली साफसफाई यात फरक आहे. लेबल लावणं, चुकलेला विभाग दुरुस्त करणं, जुनं फील्ड रिकामं करणं, हे कोणालाच मेलवर वाचायचं नसतं. जिरामध्ये त्यासाठी तीन जागा आहेत.

ऑटोमेशन रूलमध्ये फील्ड बदलणाऱ्या ॲक्शनच्या जास्तीच्या पर्यायांत नोटिफिकेशन पाठवायचं का, असा एक चौकोन असतो. साफसफाईचा रूल असेल तर तो रिकामा ठेवा.

हाताने एकदम शंभर तिकिटं बदलत असाल, म्हणजे बल्क चेंज करत असाल, तर मेल पाठवायचा का हे सिस्टीम विचारते. आपण घाईत सगळीकडे नेक्स्ट, नेक्स्ट करत जातो. तिथे थांबा आणि टिक काढा.

स्वतः स्क्रिप्ट लिहून एपीआयमधून तिकिटं बदलत असाल, तर तिकीट बदलण्याच्या विनंतीतच युजरना कळवू नको असं सांगता येतं. त्यासाठी ॲडमिनचे हक्क लागतात. ते बरोबरच आहे, कारण गुपचूप बदल करायची ताकद सगळ्यांच्या हातात नको.

एक काळजी घ्या. मेल बंद केला तरी तिकिटाची "शेवटचा बदल" ही तारीख बदलते. म्हणजे सहा महिने धूळ खात पडलेलं तिकीट तुमच्या लेबलमुळे आज ताजं दिसायला लागतं. त्या तारखेवर कोणाचा रिपोर्ट अवलंबून असेल तर आधी विचारा.

## उपाय २: तीन बदलांचा एक बदल करा

माझ्या रूलची पहिली चूक हीच होती. लेबल एक ॲक्शन, कमेंट दुसरी, बंद करणं तिसरी. सिस्टीमच्या दृष्टीने तीन वेगळ्या घटना.

तिकीट बंद करतानाच त्याच ॲक्शनमध्ये इतर फील्डही भरता येतात. म्हणजे तिकीट बंद करताना "हालचाल नाही" हे कारणही तिथेच भरलं असतं, तर कमेंटची गरजच नव्हती. १,९२० चे ६४० झाले असते. एक मिनिटाचं काम.

त्याच्याही पुढे जाता येतं. वर्कफ्लोमध्ये प्रत्येक टप्पा बदलताना कुठली घटना झाली असं सिस्टीमला सांगायचं, हे ॲडमिन ठरवू शकतो. साफसफाईसाठी वेगळी घटना बनवायची आणि तक्त्यात तिच्यासमोर कोणालाच ठेवायचं नाही. तिकीट बंद होतं, इतिहासात नोंद राहते, मेल मात्र जात नाही.

## उपाय ३: "सगळ्यांना कळवा" हे सेटिंग काढून टाका

"सगळ्यांना कळू दे, पारदर्शकता हवी" असं मीटिंगमध्ये ऐकायला छान वाटतं. पण माहिती बघता येणं आणि माहिती अंगावर फेकली जाणं यात फरक आहे. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कागद लावणं वेगळं आणि प्रत्येक कागदासाठी सगळ्यांच्या घराची बेल वाजवणं वेगळं.

तक्त्याची प्रत्येक ओळ घ्या आणि विचारा: हे वाचून या माणसाने काय करायचं आहे?

- तिकीट सोपवलं: ज्याला दिलं त्याला कळवा. त्याने काम सुरू करायचंय.
- कमेंट आली: रिपोर्टर, असाइनी आणि वॉचर. कोणीतरी उत्तर द्यायचंय.
- तिकीट बंद झालं: रिपोर्टरला. त्याने तपासायचंय.
- किरकोळ फील्ड बदललं: शक्यतो कोणालाच नाही.

अख्ख्या टीमचं नाव एखाद्या ओळीत दिसलं की थांबा आणि कारण विचारा. बऱ्याचदा उत्तर असतं, "सुरुवातीला आम्ही तिघंच होतो ना, म्हणून ठेवलं होतं." तिघांचे पुढे तेरा होतात आणि सेटिंग तसंच राहतं.

याच्याच जोडीला दोन वैयक्तिक सेटिंग्ज आहेत, ती आजच बघा. एक, मी स्वतः केलेल्या बदलांचं नोटिफिकेशन मला नको. स्वतःच लिहिलेली कमेंट स्वतःलाच मेलवर कशाला हवी? दोन, ऑटोवॉच. हे चालू असेल तर तुम्ही ज्या तिकिटात कमेंट कराल किंवा बदल कराल त्याचे तुम्ही आपोआप वॉचर होता. वर्षभरात तुम्ही शेकडो तिकिटांवर कायमचे पहारेकरी होऊन बसता.

## उपाय ४: "झालं" आणि "आहे" यातला फरक ओळखा

हा मुद्दा सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून नीट बघा.

समजा तुम्ही रूल लिहिला: दर तासाला बघ, तातडीचं तिकीट कोणाकडेच सोपवलेलं नसेल तर टीम लीडला मेल कर. ऐकायला बरोबर वाटतं. पण रात्री अकराला असं एक तिकीट आलं तर सकाळी नऊपर्यंत लीडला दहा-अकरा मेल गेलेले असतात, सगळे एकसारखे. तिकीट सोपवलेलं नाही ही स्थिती आहे, आणि स्थिती तासनतास तशीच राहते. कळवायचं असतं ते स्थिती बदलली त्या क्षणाला.

तीन मार्ग आहेत.

पहिला, रूल वेळेवर चालवण्याऐवजी घटनेवर चालवा: प्राधान्य बदललं तेव्हा, तिकीट तयार झालं तेव्हा.

दुसरा, आठवण पाठवली की तिकिटावर "आठवण दिली" असं लेबल लावा, अर्थातच गुपचूप, आणि रूलच्या सुरुवातीला अट टाका की हे लेबल असेल तर पुढे जाऊ नको. तिकीट सोपवलं गेलं की लेबल काढायचं. कमेंट टाकणाऱ्या ॲक्शनमध्ये तर एकाच तिकिटावर ही कमेंट एकदाच टाक, असा तयार चौकोनच असतो.

तिसरा, प्रत्येक तिकिटासाठी वेगळा मेल न पाठवता रोज सकाळी एकच मेल, त्यात सगळ्या अडकलेल्या तिकिटांची यादी. वेळेवर चालणाऱ्या रूलमध्ये तिकिटं शोधून आणणारी ॲक्शन वापरून हे करता येतं. बारा मेल जिथे कोणी उघडत नाही, तिथे बारा ओळींचा एक मेल वाचला जातो.

## उपाय ५: मशीन-मशीनच्या गप्पा तोडा

आता माझ्या गोष्टीचा दुसरा भाग, जो मला दुपारी तीनच्या सुमारास कळला.

आमच्या एका क्लायंटकडे त्यांची स्वतःची तिकीट सिस्टीम होती. त्यांच्या हेल्पडेस्कच्या पत्त्यावर कुठलाही मेल गेला की ती लगेच उत्तर द्यायची, "आपली विनंती मिळाली आहे." आणि आमच्या सिस्टीमचं काम असं होतं की मेलच्या विषयात तिकीट क्रमांक असला की तो मेल त्या तिकिटावर कमेंट म्हणून चिकटवायचा. शिवाय कोणीतरी जुना रूल लिहून ठेवला होता: बंद तिकिटावर क्लायंटची कमेंट आली तर तिकीट परत उघड.

झालं काय? माझ्या रूलने तिकीट बंद केलं. क्लायंटच्या मशीनला मेल गेला. त्या मशीनने पोच दिली. आमच्या मशीनने ती कमेंट समजून तिकीट परत उघडलं. उघडल्याचा मेल पुन्हा क्लायंटकडे. पुन्हा पोच, पुन्हा कमेंट. तिकडे त्यांच्या सिस्टीममध्ये प्रत्येक मेलचं नवीन तिकीट. दोन मशीन एकमेकांना "नमस्कार, मिळालं" म्हणत बसल्या होत्या, मध्ये माणूस एकही नाही.

हे अनंत का चाललं नाही माहितीये? तो जुना रूल लिहिणाऱ्याने एक अट टाकली होती: तिकीट बंद असेल तरच उघड. दुसऱ्यांदा पोच आली तेव्हा तिकीट आधीच उघडं होतं, म्हणून साखळी तुटली. त्या अनोळखी माणसाच्या एका अटीने आम्हाला वाचवलं.

स्वतःच्या बदलाचं नोटिफिकेशन नको, हे सेटिंग इथे कामाला आलं नाही, तेही लक्षात घ्या. कमेंट क्लायंटच्या नावावर होती, पण तिकीट उघडलं ते ऑटोमेशनच्या बॉटने. सिस्टीमच्या दृष्टीने तो दुसऱ्याच कोणीतरी केलेला बदल, म्हणून मेल गेला.

या प्रश्नावर इंटरनेटच्या जगाने २००४ मध्येच एक शिस्त ठरवली आहे. आरएफसी ३८३४ नावाच्या दस्तऐवजात आपोआप जाणाऱ्या मेलसाठी ऑटो-सबमिटेड नावाचा हेडर सांगितलाय. हेडर म्हणजे पाकिटावरचा शिक्का समजा, वाचणाऱ्याला दिसत नाही पण मशीनला दिसतो. मशीनने पाठवलेल्या मेलवर हा शिक्का असावा, आणि असा शिक्का दिसला की दुसऱ्या मशीनने आपोआप उत्तर देऊ नये. साधा नियम. दोन्ही बाजूंनी पाळला तर अशी साखळी सुरूच होत नाही.

जीमेलचा सुट्टीचा ऑटो-रिप्लायही असाच एक लगाम घालतो: एकाच माणसाने कितीही मेल पाठवले तरी त्याला चार दिवसांत एकदाच उत्तर जातं.

तुमच्या सिस्टीममध्ये दोन गोष्टी तपासा. एक, बाहेरून येणाऱ्या मेलवर प्रक्रिया करणाऱ्या भागात असे आपोआप आलेले मेल दुर्लक्षित करायची सोय असते. जिरामध्ये बल्क नावाचा पर्याय त्यासाठीच आहे. दोन, ऑटोमेशन रूलच्या माहितीत "दुसऱ्या रूलमुळे हा रूल सुरू होऊ दे" असा चौकोन असतो. तो मुळात रिकामा असतो. खरंच गरज असल्याशिवाय टिक करू नका.

## उपाय ६: आधी एका तिकिटावर चालवून बघा

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, एवढं सगळं आधी लक्षात कसं येणार? नाही येणार. मलाही नाही आलं. म्हणून चाचणी.

- रूलची अट आधी नुसती सर्चमध्ये टाका. किती तिकिटं येतात? माझा आकडा ६४० आहे हे मला माहीत होतं, पण तो आकडा मी तीनने आणि नऊने गुणला नव्हता.
- मग अटीत एकाच तिकिटाचा क्रमांक टाकून चालवा आणि टीममधल्या दोघांना विचारा, "काय काय आलं?"
- रूलची ऑडिट लॉग उघडा. कधी चालला, कशावर चालला, काय केलं, सगळं तिथे असतं.
- मग दहा तिकिटं, मग सगळी. आणि शनिवारी सकाळी नाही. तुम्ही स्वतः जागे असाल आणि रूल बंद करू शकाल अशा वेळी.

## पण सगळंच बंद करू नका

हा इशारा महत्त्वाचा आहे. त्या शनिवारनंतर मी घाबरून दुसऱ्या टोकाला गेलो. प्रत्येक रूलमध्ये नोटिफिकेशन बंद. दोन आठवड्यांनी एका क्लायंटने विचारलं, "आमचं काम झालं की नाही, ते तुम्ही सांगणारच नाही का?" काम आठ दिवसांपूर्वीच झालं होतं. तो बिचारा वाट बघत बसला होता.

ही चार नोटिफिकेशन्स कधीही गप्प करायची नाहीत:

- ज्याने तक्रार केली त्याला तक्रार मिटल्याचं.
- ज्याला काम दिलं त्याला काम दिल्याचं.
- माणसाने माणसाला विचारलेल्या प्रश्नाचं.
- प्राधान्य तातडीचं झाल्याचं, किंवा कबूल केलेली वेळ संपत आल्याचं.

तातडीच्या तिकिटाला तर वेगळी वाटच हवी. आमच्याकडे आता ते मेलवर अवलंबून नाही. ऑन-कॉल माणसाला थेट फोन जातो, आणि त्याने घेतला नाही तर दुसऱ्याला.

## तुमच्या फोनच्या बाजूने

पाठवणारा सुधारेपर्यंत आपणही थोडं करू शकतो.

अँड्रॉइडमध्ये २०१७ च्या ८.० आवृत्तीपासून नोटिफिकेशन चॅनेल आहेत. म्हणजे अख्खं ॲप गप्प करायची गरज नाही, त्यातला एकच प्रकार गप्प करता येतो. आलेल्या नोटिफिकेशनवर बोट दाबून धरा, तो कुठल्या चॅनेलचा आहे ते दिसेल. ऑफर बंद करा, तक्रारीची माहिती चालू ठेवा. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नवीन ॲपला नोटिफिकेशन दाखवण्याआधी तुमची परवानगी मागावी लागते. तिथे सवयीने "हो" दाबू नका.

आयफोनवर २०२१ च्या आयओएस १५ पासून ठरावीक वेळी एकत्र सारांश घेता येतो. बिनघाईची ॲप्स त्यात टाका.

आणि ऑफिसच्या तिकिटांचे मेल फिल्टर करायचेच असतील, तर सगळे एका फोल्डरमध्ये ढकलू नका. तातडीचे आणि तुमच्याकडे सोपवलेले इनबॉक्समध्येच राहू द्या.

## पाठवण्याआधीचे पाच प्रश्न

पुढच्या वेळी कुठलाही आपोआप मेल, एसएमएस किंवा नोटिफिकेशन लावाल तेव्हा हे विचारा:

१. हे वाचून समोरच्याने काय करायचं आहे? काहीच नाही, तर पाठवू नका.
२. हे घडलं म्हणून जातंय, की तसंच आहे म्हणून पुन्हा पुन्हा जातंय?
३. एका फेरीत किती घटना, किती माणसं? गुणाकार केला का?
४. याचं उत्तर एखादी मशीन देईल का? दिलं तर पुढे काय होईल?
५. याच वेळी खरी तातडीची गोष्ट आली, तर ती दिसेल का?

मी हे पाच प्रश्न कागदावर लिहून मॉनिटरच्या खाली चिकटवलेत. पाचवा प्रश्न लाल पेनने लिहिलाय. कॉलेजमध्ये आपल्याला मेसेज पोहोचवायला शिकवतात, तो पोहोचला की मार्क मिळतात. पण त्या शनिवारी सगळे १७,२८० मेल बरोबर पोहोचले होते. एकही हरवला नाही. हरवलं ते एकच तिकीट, आणि त्याच्या पलीकडे बिलासाठी थांबलेली माणसं होती.

तुमच्या ऑफिसात, कॉलेजात किंवा एखाद्या ॲपवर असा मेलचा पूर आलाय का? कशाने थांबला? कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि टीममधल्या ज्या मित्राने "सगळ्यांना कळवा" हे सेटिंग लावलंय, त्याला हा लेख पाठवा. एकदाच पाठवा म्हणजे झालं!